मोडीत निघालेली रॉकेटं

१९७५ च्या एप्रिलमध्ये ‘आर्यभट्ट’ अवकाशात गेला, तेव्हा मी आपल्या शाळेत सातवीत होतो. “उपग्रह सोडल्यावर रॉकेटचं काय होतं?” असं मी विज्ञानाच्या सरांना विचारलं. “समुद्रात पडतं, नाहीतर जळून जातं,” सर म्हणाले. भंडाऱ्याच्या पोराला हे पटेना. आपल्याकडे फुटकी पितळी गुंडीसुद्धा मोडीत देऊन नवी घेत. सर हसले. “तुझ्याआधी हे कुणाला सुचलं नसेल का? शोध.”

शोधायला बरीच वर्षं लागली. सुचलं होतं. १९६२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ट्रुअॅक्स यांनी ‘सी ड्रॅगन’ची कल्पना मांडली. सुमारे १५० मीटर उंचीचं हे रॉकेट जहाजासारखं पोलादाचं बांधायचं आणि समुद्रातूनच उडवायचं, असा बेत होता. १९६४ मध्ये डग्लस कंपनीतल्या फिलिप बोनो यांनी ‘रॉम्बस’ मांडलं. इंधनाच्या बाहेरच्या टाक्या वाटेत टाकून उरलेलं यान बुडाच्या बाजूने जमिनीवर उतरणार होतं. दोन्ही कागदावरच राहिली.

कारण साधं आहे. रॉकेटच्या वजनात बहुतेक वाटा इंधनाचाच असतो. परतीसाठी पंख, पाय किंवा राखीव इंधन द्यावं, तर तेवढं सामान कमी न्यावं लागतं. शिवाय वारंवार उड्डाणं झाली, तरच परत आणण्याचा खर्च भरून निघतो. तेव्हा एवढं न्यायचंच काय होतं?

१९९३ मध्ये ‘डीसी-एक्स’ हे छोटं प्रायोगिक रॉकेट न्यू मेक्सिकोत उडालं आणि शेपटीवर उभं उतरलं. १९९६ मध्ये उतरताना एक पाय उघडला नाही. ते कलंडलं, जळालं, आणि प्रकल्पही तिथेच संपला.

आपल्याकडे १९९८ मध्ये एअर कमोडोर (निवृत्त) राघवन गोपालस्वामी यांचा ‘अवतार’ चर्चेत आला. विमानासारखं धावपट्टीवरून उडायचं, वाटेत हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून साठवायचा आणि मग अवकाशात जायचं, अशी ती कल्पना होती. तो ‘अवतार’ काही प्रत्यक्षात आला नाही.

पण डिसेंबर २०१५ मध्ये ‘फाल्कन ९’चा पहिला टप्पा उपग्रह सोडण्याच्या मोहिमेतून परत येऊन उभा उतरला. २३ मे २०१६ रोजी इस्रोचं पंख असलेलं प्रायोगिक यान श्रीहरिकोट्याहून सुमारे ६५ किलोमीटर उंच जाऊन बंगालच्या उपसागरात उतरलं. २ एप्रिल २०२३ ला तसंच एक यान चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडलं, ते आपोआप धावपट्टीवर उतरलं.

ती बातमी वाचली तेव्हा सर हयात नव्हते. त्यांना सांगायचं राहून गेलं: सर, सुचलं होतं, पण वेळ आली नव्हती. मोड कुणी फेकून देत नाही, ती पुन्हा भट्टीत जाते. मित्रहो, आज आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी सातवीतल्या पोराचा प्रश्न तेवढा जपून ठेवावा.