मार्मोटच्या पाठीतली शेगडी

१५५१ साली झुरिकच्या कोनराड गेस्नर या निसर्गअभ्यासकाने आल्प्समधल्या मार्मोट या प्राण्याचं वर्णन करताना त्याच्या पाठीत, दोन फऱ्यांच्या मधे, सापडणाऱ्या एका गोळ्याची नोंद केली. धड चरबी नाही, धड मांसही नाही. मार्मोट हिवाळाभर बिळात झोपतो, म्हणून पुढे या गोळ्याचं नाव पडलं शीतनिद्रेची ग्रंथी. कुणी तिला थायमस ग्रंथीचा भाग मानलं, कुणी रक्त तयार करणारा अवयव.

ही चरबीच आहे आणि ती ऊब निर्माण करते, हे १९६१नंतर पटत गेलं. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात; त्यांतल्या लोहामुळे तिला तपकिरी रंग येतो. एरवी मायटोकॉन्ड्रिया इंधन जाळून पेशीच्या कामाची ऊर्जा साठवतात. इथे मात्र यूसीपी-१ नावाचं प्रथिन मधेच आडवाट काढून देतं. धरणाचं पाणी जनित्राकडे न जाता सांडव्यावरून वाहून जावं, तशी ती ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. नवजात बाळाला कुडकुडता येत नाही, त्याला हीच तारते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची आपली रीत. पण बाळ स्वतःची शेगडी पाठीत घेऊनच येतं, हे कळल्यापासून मला दुपट्यातलं मूल वेगळंच दिसतं.

मोठेपणी ही चरबी जवळजवळ उरत नाही, असा समज होता. मग कॅन्सरच्या पेट स्कॅनमध्ये काहींच्या मानेतला आणि गळपट्टीच्या हाडांभोवतीचा भाग उजळलेला दिसू लागला. रुग्णाला उबेत ठेवलं की उजेड नाहीसा व्हायचा. २००९मध्ये बॉस्टन, मास्ट्रिख्त आणि तुर्कू इथल्या तीन गटांनी एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात सिद्ध केलं : मोठ्या माणसांतही ती आहे, आणि थंडीत रक्तातली साखर ओढून घेते.

या चरबीचा मेंदूशी जुळणारा धागा पुन्हा बिळातच नेतो. २००३मध्ये लाइपझिगच्या थॉमस आरेंट यांच्या गटाला शीतनिद्रेतल्या खारींच्या मेंदूत टाऊ प्रथिनावर फॉस्फेटचा थर चढलेला दिसला, अल्झायमरमध्ये दिसतो तसा. खार जागी झाली की तो उतरतो, आणि तिला जागं करणारी ऊब बरीचशी तपकिरी चरबीची. क्वेबेकमध्ये अल्झायमरच्या प्रयोगासाठी वाढवलेल्या उंदरांना वारंवार थोडी थोडी थंडी दिली. पुढच्या थंडीत त्यांचा टाऊ कमी बिघडला. माणसात एवढं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे बर्फाच्या पाण्याला औषध म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

पण ही चरबी रक्तात संदेशद्रव्यंही सोडते, हे आता दिसतं आहे. म्हणजे खोडून टाकलेला ‘ग्रंथी’ हा शब्द अगदीच चुकीचा नव्हता.