कमानपाट्यांची दुरुस्ती: मालवाहतुकीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

महाराष्ट्रातील रस्तेवाहतुकीचा इतिहास बहुधा महामार्ग, घाटरस्ते, परवाने आणि कारखाने यांच्या आधारे मांडला जातो; मालट्रक रोज चालता ठेवण्यासाठी त्याचा मालक, चालक आणि क्लीनर यांनी रस्त्याच्या कडेला जे श्रम उपसले, त्यांची नोंद त्यात क्वचितच आढळते. या श्रमांतील सर्वांत जिकिरीचा भाग कमानपाट्यांचा होता. धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून आणि मधोमध बोल्टने जखडून जो संच तयार होतो, तो ट्रकची चासी आणि चाकांना जोडणारा ॲक्सल यांच्यामध्ये बसून भार पेलतो व रस्त्याचे धक्के सोसतो. त्यालाच या व्यवसायात कमानपाटे किंवा नुसते पाटे म्हणतात.

पाट्यांचा वापर मोटारीपेक्षा जुना आहे. युरोपातील घोडागाड्यांचे साटे पूर्वी चामडी पट्ट्यांवर टांगलेले असत; १८०४ मध्ये ओबडाया इलियट या लंडनच्या गाडी बांधणाऱ्या कारागिराने पोलादी पाट्यांवर गाडी तोलण्याच्या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढे हीच रचना सर्वत्र पसरली. आपल्याकडे ती टांग्याबरोबर शहरांत रुळली, परंतु खेड्यातील मालवाहू बैलगाडीला पाटे नव्हते. गावच्या लोहाराचे गाडीशी नाते मुख्यतः चाकावर धाव चढवण्यापुरते होते: लोखंडी कडे तापवून फुगवायचे, लाकडी चाकावर बसवायचे आणि पाणी ओतून आवळायचे. या कामात लोखंडाचा आकार महत्त्वाचा असे, त्याचा लवचीकपणा नव्हे. म्हणूनच मोटारीच्या पाट्यांनी लोहारापुढे जो प्रश्न उभा केला, तो त्याच्या परंपरागत कौशल्याच्या कक्षेबाहेरचा होता.

हा प्रश्न विसाव्या शतकात हळूहळू व्यापक झाला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी कारखाना सुरू केला, १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याहून मोटारी व ट्रक बाजारात आणले, आणि १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधण्यास प्रारंभ केल्यावर देशी बनावटीचे मालट्रक सर्वत्र दिसू लागले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि कालांतराने राज्य परिवहनाने आगारोआगारी दुरुस्तीची सोय व दापोडीसारख्या ठिकाणी मध्यवर्ती कार्यशाळा उभी केली. ज्याच्या नावावर एकच ट्रक, डोक्यावर कर्ज आणि हाती ठरावीक खेपांचे भाडे, अशा मालकापाशी मात्र यांतील काहीच नव्हते. गाडी उभी राहिली की भाडे बुडे आणि हप्ता चुकत नसे. त्यामुळे तुटलेला पाटा जागेवरच, स्वतःच्या हाताने बदलणे हा त्याच्यासाठी हौसेचा नव्हे, तर पोटाचा प्रश्न होता.

प्रत्यक्ष काम कागदावर सोपे दिसते. जॅकने चासी उचलून लाकडी ठोकळ्यांवर तोलायची, पाट्यांचा संच ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडवायचे, दोन्ही टोकांच्या पिना काढायच्या, संच खाली घेऊन तुटका पाटा बदलायचा आणि सर्व पुन्हा जोडायचे. परंतु यू-बोल्टची टोके कायम चिखलपाण्यात राहिल्यामुळे त्यांचे नट गंजून धरलेले असतात. रॉकेल ओतून, पान्याला पाइप जोडून, दोघांनी जोर लावला तरी अनेकदा नट फिरण्याऐवजी बोल्टच तुटतो. भार पडला की पाटा सपाट होऊन लांबतो, आणि त्या लांबण्याला वाव देण्यासाठी त्याचे एक टोक शॅकल या झुलत्या कडीने चासीला जोडलेले असते. शॅकलच्या पिनेला वेळेवर ग्रीस मिळाले नसेल तर ती बुशमध्ये घट्ट बसते, आणि बाहेर काढण्यासाठी तिच्यावर घातलेल्या घणाच्या प्रत्येक घावाने तिचे टोक पसरून ती अधिकच अडकते. अखेरीस गॅस कटर बोलवावा लागे, आणि त्याची आच शेजारच्या धड पाट्याला लागली, की त्या पाट्याचेही आयुष्य तिथेच घटे.

मधला सेंटर बोल्ट सोडवणे तर धोक्याचेच. संचातील प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा किंचित अधिक वाकवलेला असतो, जेणेकरून आवळल्यावर सर्व पाटे एकमेकांना चिकटून भार वाटून घेतील. हा ताण शिकंज्यात धरून न ठेवता बोल्ट काढला, तर पाटे उसळून हात जायबंदी होऊ शकतो. जोडताना याच बोल्टचे डोके ॲक्सलवरील खोबणीत नेमके बसावे लागते. ते चुकले, किंवा पहिल्या काही खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे राहिले, तर बोल्ट तुटून ॲक्सल तिरपा सरकतो, गाडी एका अंगाला ओढते आणि टायर झिजतात.

एवढे सर्व नीट पार पडले तरी यशाची खात्री नसे, आणि या कामातील खरी हताशा इथेच आहे. पाट्याचे बळ त्याच्या आकारापेक्षा उष्णोपचारात असते. सिलिकॉन व मँगनीज मिसळलेले पोलाद कारखान्यात सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात, त्यामुळे ते कठीण पण ठिसूळ होते. मग ४०० ते ५०० अंशांपर्यंत पुन्हा तापवून त्यात चिवटपणा आणतात. कोयत्याच्या धारेला पाणी देण्यात लोहार तरबेज होता, पण मीटरभराहून लांब पाटा भात्यावर सर्वत्र सारखा तापवणे आणि केवळ रंगावरून त्याचे तापमान ओळखणे त्याच्या साधनांच्या आवाक्यातले नव्हते. वेल्डिंगने सांधलेला पाटा सांध्याच्या कडेला ठिसूळ होऊन तुटतो. बसलेल्या पाट्याला थंड अवस्थेत घण मारून पुन्हा दिलेली कमान काही खेपांतच उतरते. आणि जुन्या, बसलेल्या पाट्यांमध्ये एकच नवा पाटा घातला, तर तोच जास्त भार ओढून आधी तुटतो. यांपैकी एकही दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला आपले काम साधले की बिघडले, हे पुढच्या घाटातच कळे.

यात अतिभाराची भर पडली. भाडे टनावर आणि खर्च खेपेवर असल्याने जादा माल भरणे मालकाला भाग पडे, आणि त्यासाठी मूळ रचनेत नसलेले जादा पाटे घालण्याची प्रथा पडली. त्यामुळे गाडी खाली बसत नसे, परंतु भाराचे ओझे ब्रेक, ॲक्सल आणि टायर यांच्यावर जाई. कायदा आणि व्यवहार यांतील अंतरही मोठे होते: चार टायरांच्या एका ॲक्सलसाठी १९८३ पासून १०.२ टनांची मर्यादा असूनही काही राज्ये पैसे घेऊन जादा भाराला वाट देत, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मज्जाव केला. २०१८ मध्ये हीच मर्यादा ११.५ टन करण्यात आली, तेव्हा दरम्यानच्या काळात ट्रक आणि रस्ते दोन्ही सुधारल्याचे कारण देण्यात आले.

तुटलेल्या पाट्याचे मोल मात्र संपत नसे. लोहारांना आणि गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांना हे पोलाद हवेच असे; त्यापासून त्यांनी कोयते, विळे, पहारी आणि कुळवाचे फास घडवले. लहान आकारात तेच पोलाद त्यांच्या भात्याला आणि त्यांच्या नजरेला पूर्णपणे वश होते. एकाच कारागिराला एकाच धातूत एका ठिकाणी अपयश आणि दुसऱ्या ठिकाणी निर्विवाद यश मिळते, यावरून उणीव त्याच्या हातांत नव्हती, हे स्पष्ट होते.

अलीकडच्या ट्रकांमध्ये पॅराबोलिक पाटे आले आहेत. मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते होत जाणारे हे मोजकेच पाटे एकमेकांपासून अंतर राखून बसतात, त्यामुळे घर्षण आणि वजन दोन्ही घटते. पण ते गावात घडवता येत नाहीत आणि जादा पाट्याची जोडही सहजी स्वीकारत नाहीत. रस्त्याकडेची दुरुस्ती त्यामुळे आक्रसत चालली आहे, आणि तिच्याबरोबर मालकाची अगतिकता व त्याचे स्वावलंबन दोन्ही ओसरत आहेत. या दीर्घ काळाचे मूल्यमापन करताना फुटलेल्या पाट्यांचा दोष अडाणी मिस्त्री आणि लोभी मालक यांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी अन्यायाचे आहे. खड्ड्यांचा रस्ता, न परवडणारे भाडे, दूर असलेली कार्यशाळा आणि ढिली अंमलबजावणी या चारही गोष्टींची किंमत अखेर त्याच पोलादी पट्ट्यांवर आणि त्या बदलणाऱ्या हातांवर वसूल होत होती; देशाच्या मालवाहतुकीचा स्वस्तपणा ज्या श्रमांवर उभा राहिला, त्यांत या हातांचा वाटा पहिल्या रांगेत मोजावा लागेल.