गुरुजींसाठीही दुआ

चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचा झालो तेव्हा घरी माझी ‘बिस्मिल्ला’ झाली. मौलवीसाहेबांनी माझ्यासाठी दुआ मागितली, बत्तासे वाटले गेले. पुढं जूनच्या पावसात मिशनच्या शाळेत गेलो. शाळा उघडण्याच्या दिवशी शेजारच्या चर्चमध्ये प्रार्थना होती. नवल वाटलं ते एवढंच, की आमचे कडक गुरुजीही आम्हां पोरांच्या रांगेत मान लववून उभे होते.

ही रीत जुनी आहे. १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहरी जेझुइट धर्मगुरूंनी शाळा काढली. त्यांच्या शाळांतून वर्षाचा आरंभ पवित्र आत्म्याच्या मिस्साबलिदानानं करण्याची परंपरा रुजली. त्या दिवशी धर्मगुरूचा झगा तांबडा असतो. कारण येशूच्या शिष्यांवर आत्मा अग्नीच्या जिभांसारखा उतरला, अशी श्रद्धा आहे. मागणं असतं ते शहाणपणाचं. अमेरिकेतल्या कॅथलिकांसाठी १९८९ साली निघालेल्या आशीर्वाद-ग्रंथात तर विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठी एकच विधी आहे.

पुढं मीही शिकवण्या घेतल्या. एकदा पाढा चुकला म्हणून एका पोरावर हात उचलला. त्या रात्री झोप आली नाही. रांगेत उभे असलेले गुरुजी आठवले.

तेव्हापासून जूनमध्ये दप्तरं पाठीवर टाकून निघालेली मुलं दिसली की दुआ मागतो. मुलांसाठी एक, आणि त्यांच्या गुरुजींसाठी एक.