सॅपोसिनची कुळकथा

टी-पेशी शत्रूला ओळखतात त्या केवळ प्रथिनांच्या तुकड्यांवरून, हा सिद्धांत दीर्घकाळ निर्विवाद मानला गेला होता. १९९४ साली बोस्टनच्या ब्रेनर आणि पोर्सेली या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, क्षयजंतूच्या मेणचट आवरणातील मायकोलिक आम्ल हे मेदद्रव्यही ‘सीडी१बी’ नावाचा रेणू टी-पेशींपुढे पेश करतो असे दाखवून दिले, तेव्हा तो सिद्धांत ढळला. परंतु त्यातूनच एक नवा प्रश्न उभा राहिला. मेद पाण्यात विरघळत नाही, पेशीतील पटलांना तो घट्ट बिलगून राहतो. मग तेथून त्याला उचलून सीडी१ च्या खोल खोबणीत बसवतो कोण?

हे काम करणारी प्रथिने वस्तुतः तीस वर्षांपूर्वीच विज्ञानाच्या दप्तरी दाखल झालेली होती, मात्र निराळ्याच खात्यात. १९६४ साली म्युनिकमध्ये मेल आणि यात्स्केविट्झ हे डुकराच्या मूत्रपिंडातील विकरांचा अभ्यास करीत असता, मेंदूतील सल्फाटाइड या मेदाचे विघटन एकट्या विकराकडून होत नाही, त्याला उष्णतेने न बिघडणाऱ्या दुसऱ्या एका अंशाची जोड लागते, असे त्यांना आढळले. तोच आजचा सॅपोसिन-बी. हा अंश नसेल तर मुख्य विकर शाबूत असूनही सल्फाटाइड साचत जाते आणि मज्जातंतूंचे वेष्टन नष्ट करणारा दारुण रोग जडतो, हे पुढे रुग्णांवरून सिद्ध झाले. प्रोसॅपोसिन या एकाच मूळ प्रथिनाचे तुकडे होऊन ए, बी, सी आणि डी ही चार भावंडे जन्मास येतात, याचाही यथावकाश उलगडा झाला. एवढे होऊनही त्यांची गणना पेशीच्या आम्लधर्मी कोठारांतील सफाईच्या कामगारांतच होत राहिली.

२००४ साली हा समज पालटला. प्रोसॅपोसिनचा जन्मजात अभाव असलेल्या रुग्णाच्या पेशींत बर्लिनच्या संशोधकांनी सीडी१बी निर्माण करविले, तरीही त्या पेशी टी-पेशींना मेदाची वर्दी देईनात. सॅपोसिन-सी पुरविताच ते कार्य सुरू झाले. एका दुर्मिळ व्याधीने पीडित झालेल्या जीवाच्या पेशींनी ही साक्ष द्यावी, यापुढे माझे मन नम्र होते. त्याच वर्षी अमेरिकेत, प्रोसॅपोसिनरहित उंदरांवरील प्रयोगांतून, सीडी१बी चा भाऊबंद असलेल्या सीडी१डी च्या खोबणीतील एक मेद काढून तेथे दुसरा बसविण्याचे कामही हीच प्रथिने करतात असे निष्पन्न झाले.

दुसऱ्याच वर्षी रक्तातून कोलेस्टेरॉलची वाहतूक करणारे, वैद्यकास सुपरिचित असलेले अपोलिपोप्रोटीन-ई हेही बाहेरील मेद-प्रतिजन पेशीच्या आत पोहोचविते असे आढळले, आणि मेद पोहोचविणाऱ्या प्रथिनांच्या यादीत, सॅपोसिनच्या कुळाबाहेरच्या, आणखी एका नावाची भर पडली.