नियम एक, घरे अनेक

माझी मुलगी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. एका रात्री ती उशिरा घरी आली आणि म्हणाली, "अब्बा, आज एका शून्यानं दमवलं!" तिच्या गटाकडे पाच प्रकल्प. त्यांतल्या एकात, ग्राहकाने रकमेच्या रकान्यात शून्य लिहिले तरी 'रकाना रिकामा आहे' असा निरोप येत होता. जावास्क्रिप्ट भाषेत बरोबरीची दोन चिन्हे टाकून तुलना केली, तर शून्य आणि रिकामी जागा सारखीच ठरते. तीन टाकली तर वेगळी. 'तीनच टाका' असा नियम त्यांच्याकडे होता. पण प्रत्येक प्रकल्पात नियमांची वेगळी नक्कल. चार नकलांत तो होता, पाचवीत नव्हता.

मी कुतूहलाने या नियमांचे मूळ शोधले. १९७८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 'सी' भाषेतल्या प्रोग्रॅममधील संशयास्पद जागा दाखवणारे एक साधन लिहिले. नाव ठेवले 'लिंट', म्हणजे कपड्यावर चिकटलेले बारीक तंतू. कापड फाटलेले नसते, पण झटकलेले बरे!

२०१३ मध्ये निकोलस झाकस यांनी जावास्क्रिप्टसाठी 'ईएसलिंट' सुरू केले. त्यात नियम बाहेरून जोडता येतात. नियमांचा एक संच एकाच ठिकाणी ठेवायचा, त्याला आवृत्तीचा क्रमांक द्यायचा, आणि प्रत्येक प्रकल्पाने 'आम्ही हा संच मानतो' एवढी एक ओळ लिहायची. एअरबीएनबी कंपनीने आपला संच सर्वांसाठी खुला केला आणि जगभरच्या अनेक गटांनी तो उचलला.

मला आपले शुद्धलेखन आठवले. माझ्या वडिलांच्या पत्रांत 'कांहीं', 'नांव' असे अनुस्वार असत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, शासनाने ते मान्य केले, १९७२ मध्ये चार नियमांची भर पडली. शाळा, छापखाना, कचेरी सगळ्यांना एकच संच मिळाला. त्यातही पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट कवीला ठेवली आहे. ईएसलिंटमध्येही एखाद्या ओळीपुरता नियम बाजूला ठेवता येतो. मात्र तसे तिथेच लिहावे लागते. सूट चोरून नव्हे, सांगून घ्यायची. कवी म्हणून मला हे फार पटले.

पण एका विहिरीवर सारे गाव पाणी भरू लागले, की विहिरीची राखण आली. १२ जुलै २०१८ रोजी ईएसलिंटच्या एका राखणदाराचा पासवर्ड चोराच्या हाती लागला. तोच पासवर्ड त्याने दुसरीकडेही वापरला होता. चोराने दोन पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. त्यांतले एक ईएसलिंटच्या स्वतःच्या गटाचा सामायिक नियमसंच होते! ज्याच्या यंत्रावर ते उतरे, त्याच्या प्रकाशनाच्या किल्ल्या ते पळवू पाहत असे. काही तासांत प्रकार उघडकीला आला आणि जुन्या किल्ल्या सरसकट रद्द झाल्या. जुलै २०२५ मध्ये पुन्हा तेच. एका बनावट ई-मेलला एक राखणदार फसला आणि 'ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटियर' या लोकप्रिय संचात विष मिसळले गेले.

मुलीच्या गटाने आता पाच नकला मोडून एकच संच केला आहे. नवी आवृत्ती आली की ती आपोआप उतरत नाही. एक जण वाचतो, दुसरा होकार देतो, मगच ती पाचही घरांत जाते. मी विचारले, "आणि वाचणारा कंटाळला तर?"

ती म्हणाली, "अब्बा, त्यासाठीच तर दुसरा आहे."