घड्याळ नावाचा दागिना

सराफाकडे एखाद्या घरातलं जुनं खिशातलं घड्याळ मोडीत येतं, तेव्हा पहिला प्रश्न असतो, सोनं किती भरेल? आज आपण त्याच्या आधीचा प्रश्न विचारू. हे घड्याळ मुळात घातलं कशासाठी?

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये, ब्लोआ आणि पॅरिस इथं, मीनाकाम केलेली सुरेख घड्याळं होत. झाकणावर फुलं, पुराणातले प्रसंग. काटा मात्र बहुधा एकच, तासाचा. आणि वेळ दिवसाकाठी अर्धा ताससुद्धा चुके. १६७५ साली हायगेन्सच्या कल्पनेवरून पॅरिसमध्ये बारीक गुंडाळीची स्प्रिंग घड्याळात बसली, तेव्हा कुठे मिनिटकाट्याला अर्थ आला. तोवर घड्याळ हा मुख्यतः दागिनाच होता. पुढंही अठराव्या शतकात तिकडच्या बायका ते किल्ल्यांसोबत कमरेला लटकवत. आपल्याकडचा कमरेचा छल्ला आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढं येईल. आणि आपल्या पुरुषांच्या कोटावर रुळणारा सोन्याचा अछोडा? तोही वेळेपेक्षा प्रतिष्ठाच जास्त सांगायचा.

आता एक सावधगिरी. आतल्या झाकणावर 'सिलँद्र', 'रुबी' असे फ्रेंच शब्द दिसले, की आपण घड्याळ फ्रेंच ठरवतो. पण जिनिव्हा आणि जुरा भागातले स्विस कारागीरही फ्रेंचच लिहीत. १८३८ नंतरच्या फ्रेंच सोन्यावर गरुडाच्या डोक्याचा बारीकसा छाप असतो. तो भिंगातून शोधावा. मात्र मीना, यंत्र आणि छाप हे सगळं एकत्र वाचायचं असतं. केस वितळवली की वाचायला काही उरतच नाही.

हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. त्र्यंबकेश्वरचा 'नाशिकचा हिरा' १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनमध्ये त्याला नव्यानं पैलू पाडले. १९२७ मध्ये तो पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्याकडे आला, आणि १९४० मध्ये हॅरी विन्स्टननं घेऊन पुन्हा कापला. उरला ४३.३८ कॅरेट. झळाळी वाढली, पण आपल्या कारागिराचा हात त्यावरून पुसला गेला.

तो हिरा वाचवणं आपल्या हातात नव्हतं. कपाटातलं घड्याळ आहे. म्हणून आमचं सांगणं एवढंच, की ते तराजूत टाकण्याआधी एकदा झाकण उघडून बघा, फोटो काढा, आणि ते कुणाचं होतं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.