स्वतःहून विझणारी सिगारेट

१/ सिगारेटच्या धुराने होणारी हानी सर्वश्रुत आहे. तिच्या निखाऱ्याने जाळलेल्या घरांचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींतील मृत्यूंचे ते दीर्घकाळ एक प्रमुख कारण होते.

२/ पेटती सिगारेट सोफ्याच्या फटीत घरंगळे आणि ओढणाऱ्याचा डोळा लागे. आतला कापूस, फोम ज्वाळेविना धुमसत राही. आग दिसेपर्यंत घर विषारी धुराने भरलेले असे.

३/ १९७९ साली मॅसॅच्युसेट्समधील वेस्टवूड येथे अशाच आगीत आईवडील आणि त्यांची पाच मुले मृत्यू पावली. तेथील लोकप्रतिनिधी जो मोकली यांनी त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयक मांडले. त्यांची मागणी साधी होती: कोणी ओढत नसेल, तर सिगारेट विझली पाहिजे.

४/ हे शक्य होते का? १९८४ च्या कायद्याने नेमलेल्या तज्ज्ञगटाने १९८७ मध्ये उत्तर दिले: तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पुढे रूढ झालेली युक्ती अशी, की कागदावर ठरावीक अंतराने कमी सच्छिद्र पट्टे ठेवायचे. झुरका न घेतल्यास निखारा पट्ट्यापाशी येतो, त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि तो मंदावून विझतो.

५/ तरीही तंबाखू उद्योगाने विरोध केला. सिगारेट बदलण्यापेक्षा सोफा बदलावा, असा त्याचा रोख होता. कॅलिफोर्नियाच्या १९७५ च्या मानकामुळे फोममध्ये अग्निरोधक रसायने येऊ लागलीच होती. त्यांपैकी काही आरोग्यास घातक असल्याचे पुढे उघड झाले.

६/ न्यूयॉर्क राज्याने २००० साली कायदा केला. तो २८ जून २००४ रोजी अमलात आला, परंतु मोकली २००१ मध्येच निवर्तले होते. २००५ मध्ये कॅनडाने देशभर हा नियम लागू केला. २०११ पर्यंत अमेरिकेची सर्व राज्ये आणि युरोपीय संघही त्याच वाटेने गेले.

७/ कसोटी अशी: गाळणकागदाच्या दहा थरांवर ४० पेटत्या सिगारेटी एकेक करून ठेवायच्या. त्यांपैकी दहापेक्षा अधिक शेवटपर्यंत जळता कामा नयेत. म्हणजे नियम पाळणारी सिगारेटही पूर्णतः निर्धोक नसते. धोका केवळ घटतो.

८/ १९८७ मध्ये विज्ञानाने होकार दिला आणि २००४ मध्ये पहिला कायदा अमलात आला. मधली सतरा वर्षे उपाय शोधण्यात गेली नाहीत. ज्ञात असलेला उपाय सक्तीचा करण्यात गेली.